गेलेलं काढायचंय

ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात क्रिकेटचा विश्वचषक रंगात आला होता, आणि पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाला ड्रीम इलेव्हन या ऑनलाइन गेमच्या अ‍ॅपवर दीड कोटी रुपयांचं बक्षीस लागलं. बातमी वाऱ्यासारखी पसरली. वर्दीतल्या फौजदाराच्या मुलाखती चॅनेलांवर झळकल्या. पण थोड्याच दिवसांत खात्याची चौकशी लागली आणि फौजदारसाहेब निलंबित झाले. ठपका होता ड्युटीवर असताना गेम खेळल्याचा आणि गणवेशात मुलाखती दिल्याचा.

त्या दीड कोटींकडे सरकारच्या तीन खिडक्यांतून तीन तऱ्हांनी पाहिलं गेलं. प्राप्तिकर खात्यासाठी ती कमाई होती. त्याच वर्षीच्या 1 एप्रिलपासून ऑनलाइन गेममध्ये जिंकलेल्या निव्वळ रकमेतून 30 टक्के कर जागच्या जागी कापला जाऊ लागला होता. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये हाच खेळ कौशल्याचा ठरवला होता, म्हणजे कायद्याच्या भाषेत तो जुगार नव्हता. आणि पोलीस खात्याला त्यात शिस्तभंग दिसला. ज्या देशात कोट्यवधी लोक रोज रात्री फोनवर पैसे लावत होते, त्या देशाला हा उद्योग नेमका काय आहे ते ठरवता आलेलं नव्हतं. पुढे दोनच वर्षांत तो अख्खा बाजार संसदेने दोन दिवसांत बंद केला. या दोन टोकांच्या मध्ये काय राहून गेलं, ते पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. मुंबईच्या गल्ल्यांत.

आकडा हा शब्द मुंबईत आला तो कापसाच्या बाजारातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडला कितीला आणि बंद झाला कितीला, हे तारेने मुंबईला कळायचं आणि त्या आकड्यांवर पैसे लागायचे. मटक्यातल्या ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ या शब्दांचं मूळ ते. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे भाव येणं थांबलं, पण लावणारे थांबायला तयार नव्हते. 1962 मध्ये वरळीत कल्याणजी भगत यांनी स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका काढला. मटक्यातल्या चिठ्ठ्यांची जागा पुढे पत्त्यांनी घेतली.

रीत साधी होती. कॅटमधून तीन पत्ते काढायचे. समजा तिर्री, पंजी आणि छक्की निघाली. बेरीज 14, म्हणून शेवटचा आकडा चौका. हा झाला ओपन. काही तासांनी पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एकेरी आकड्यावर रुपयाला नऊ रुपये आणि जोडीवर नव्वद, असा सर्वसाधारण भाव. आकडे दहा आणि परतावा नऊपट, म्हणजे लावणाऱ्यांच्या प्रत्येक रुपयातले दहा पैसे सरासरीने मालकाकडे राहणार. हे गणित लपवलेलं नव्हतं. गिरणगावातला कामगार पाळी सुटल्यावर चार-आठ आणे लावायचा आणि ‘काय फुटलं?’ हा प्रश्न परळपासून चिंचपोकळीपर्यंत विचारला जायचा.

मटका बेकायदा होता, पोलिसांच्या धाडी पडत, आणीबाणीत खत्री यांना तुरुंगवासही झाला. तरी तो चालला. मात्र त्याला काही नैसर्गिक कुंपणं होती. आकडा ठरलेल्या वेळीच फुटायचा. चिठ्ठी लिहिणाऱ्यापर्यंत चालत जावं लागे. खिशात असेल तेवढंच लावता येई आणि उधारी मिळाली तरी ती देणारा माणूस ओळखीचा असे. या कुंपणांमुळे किती घरं वाचली हे कुणी मोजलेलं नाही, पण ती कुंपणं होती. फोन आला आणि ती एकेक करून कोसळली.

त्याच मुंबईतून जुगाराच्या कायद्याचा दुसरा धागाही निघतो. चाळीस-पन्नासच्या दशकांत बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी लोकांना वेड लावलं होतं. प्रवेशमूल्य भरायचं, कोडं सोडवायचं, आणि आयोजकाच्या उत्तराशी आपलं उत्तर जुळलं तर मोठी रक्कम. कोड्यातल्या कित्येक जागांवर दोन-दोन शब्द चपखल बसत. त्यातला कोणता ‘बरोबर’, हे आयोजकालाच ठाऊक. मुंबई राज्याने 1948 मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणला. तेव्हा आर. एम. डी. चमारबागवाला यांची मोठी स्पर्धा बंगळुरूच्या वर्तमानपत्रातून यायची आणि पैसे मात्र मुंबई राज्यातून जायचे. म्हणून 1952 मध्ये कायदा दुरुस्त करून बाहेर छापलेल्या वर्तमानपत्रांनाही त्यात ओढलं गेलं. सर्व्हर परदेशात आणि गिऱ्हाईक गोंदियात, या आजच्या दुखण्याचा तो पहिला अवतार म्हणावा लागेल.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 1957 मध्ये सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने सांगितलं की जुगार हा व्यापारच नव्हे, त्याला घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचं संरक्षण मिळत नाही. त्याच सुमारास आलेल्या जोड-निकालाने दुसरी बाजू पक्की केली: ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर ठरतं, ती जुगारात मोडत नाही, तो धंदा आहे. 1867 च्या जुगारविरोधी कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होतीच. 1968 मध्ये न्यायालयाने रमी कौशल्यप्रधान ठरवली, कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा याला डोकं लागतं. 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतीही त्याच बाजूला गेल्या.

रमीचा तो निकाल आला तेव्हा समोर होता एक क्लब. ओळखीची माणसं, एक टेबल, रात्री बंद होणारं दार. त्या टेबलाबद्दल न्यायालय म्हणालं ते योग्यच होतं. घोटाळा पुढे झाला. त्या टेबलाचं प्रमाणपत्र अर्ध्या शतकानंतर अशा यंत्राला चिकटवलं गेलं, जिथे टेबलं लाखो होती, दार कधीच बंद होत नव्हतं आणि समोर कोण बसलंय ते दिसत नव्हतं.

ड्रीम इलेव्हन मुंबईत 2008 मध्ये सुरू झालं, आयपीएलच्याच वर्षी. हर्ष जैन आणि भावित शेठ या दोन मित्रांची ती कंपनी. खेळ असा: सामन्याच्या दोन्ही संघांतले मिळून 11 खेळाडू ठरलेल्या 100 क्रेडिटमध्ये निवडायचे, कर्णधाराला दुप्पट गुण, उपकर्णधाराला दीडपट. आधी संपूर्ण हंगामाची टीम असायची. ती एकेका सामन्यापुरती झाली तेव्हा गाडीने वेग घेतला. पण खरी क्रांती 2016 ची. त्या एका वर्षात यूपीआय आलं आणि जिओचा जवळजवळ फुकट डेटा आला. पैसे भरायला रांग नाही, नोटा मोजणं नाही, चार किंवा सहा आकडी पिन टाकला की झालं. पाठोपाठ 2020 च्या टाळेबंदीने घरात बसलेली माणसं आणि रिकामा वेळ दोन्ही पुरवलं. त्याच वर्षी आधीचा प्रायोजक विवो बाजूला झाल्यावर ड्रीम इलेव्हनने 222 कोटी रुपयांत आयपीएलचं नाव विकत घेतलं. 2023 मध्ये 358 कोटींच्या करारावर ते भारतीय संघाच्या छातीवर आलं. वापरकर्ते 20 कोटींहून अधिक असल्याचं कंपनी सांगत होती. रमी, पोकर, लुडो यांची अ‍ॅप्स मागोमाग होतीच, आणि जाहिरातीत लाडके नट आणि क्रिकेटपटू. जाहिरातीच्या शेवटी एक माणूस श्वास न घेता सांगायचा की या खेळात आर्थिक जोखीम आहे आणि सवय लागू शकते.

महाराष्ट्रात या जाहिरातींवरचा राग रस्त्यावर आला तो ऑगस्ट 2023 च्या अखेरीस. आमदार बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केलं. भारतरत्न मिळालेल्या माणसाने ऑनलाइन गेमची जाहिरात करावी का, हा त्यांचा सवाल होता. त्या दिवशी पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. पण प्रश्न गावागावांत ऐकू गेला, कारण तोवर तो गावागावांतला प्रश्न झाला होता.

कौशल्य हा शब्द किती मोठा आडोसा आहे, हे एका छोट्या हिशेबावरून कळतं. दोन माणसं रमीच्या अ‍ॅपवर समोरासमोर बसली आहेत. दोघांचं डोकं सारखं तल्लख, दोघांकडे हजार-हजार रुपये. दर डावाला प्रत्येकी शंभर लावतात. टेबलावर दोनशे जमतात, त्यातले दहा टक्के, म्हणजे वीस रुपये, अ‍ॅप आपलं शुल्क म्हणून काढून घेतं आणि एकशे ऐंशी जिंकणाऱ्याला देतं. दोघं बरोबरीचे असल्याने कधी हा जिंकतो, कधी तो. पन्नास डाव झाल्यावर अ‍ॅपकडे हजार रुपये गेलेले असतात. दोघांच्या दोन हजारांतले हजार. दोघांपैकी कुणीही वाईट खेळलेला नाही. आणखी पन्नास डाव, की दोघांचेही खिसे रिकामे. चाळीच्या गच्चीवर गप्पा मारत शंभर डाव खेळायला आठवडे लागायचे. फोनवर पत्ते आपोआप पिसले जातात, वाटले जातात, हिशेब क्षणात होतो, आणि चाल करायला मोजके सेकंद मिळतात. शंभर डाव म्हणजे एक-दोन रात्री. शुल्काचा दर अ‍ॅपनुसार कमीजास्त असेल, गणिताची दिशा तीच.

म्हणजे महत्त्वाचा होता वेग. किती वेळात किती डाव, एका रात्री किती वेळा पैसे भरता येतात, कोणत्या वेळी, कुणाच्या खात्यातून, उसने की स्वतःचे. आपल्या न्यायालयांनी सत्तर वर्षं काथ्याकूट केला तो कौशल्य की नशीब याचा. वेगाबद्दल, वेळेबद्दल आणि मर्यादेबद्दल फार थोड्यांनी विचारलं.

हरलेला माणूस घरी एक वाक्य हमखास बोलतो: ‘गेलेलं काढतो आणि बंद करतो.’ जुगाराचं व्यसन ओळखण्याची जी लक्षणं मानसोपचारात मानली जातात, त्यात हेच एक ठळक लक्षण आहे. गमावलेलं परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा येणं. लपवाछपवी, खोटं बोलणं, उधार-उसनवार ही बाकीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सध्याच्या वर्गीकरणात जुगाराचं व्यसन हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. दारूला वास येतो, तोल जातो, शेजाऱ्यांना कळतं. याला काहीच येत नाही. नवरा शेजारी पडून फोन पाहतोय एवढंच बायकोला दिसतं, आणि कळतं तेव्हा सोसायटीचं कर्ज, मित्रांची उसनवारी, दागिने आणि झटपट कर्ज देणारी अ‍ॅप्स असं सगळं एकदम समोर येतं.

राज्यांनी आपापल्या परीने हातपाय मारले. घटनेच्या सातव्या परिशिष्टात जुगार राज्यांच्या सूचीत आहे. तेलंगणाने 2017 मध्ये आणि आंध्र प्रदेशाने 2020 मध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. तामिळनाडूची बंदी ऑगस्ट 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आणि कर्नाटकची फेब्रुवारी 2022 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केली. कारण जुनंच: कौशल्याच्या खेळाला जुगार म्हणून बंद करता येत नाही. सिक्कीम आणि नागालँड यांनी उलट वाट धरून परवाने देऊ केले. महाराष्ट्राकडे 1887 चा कायदा होता, जो जुगाराचा अड्डा म्हणजे चार भिंती आणि एक दार असंच समजून लिहिलेला. कॅसिनोला परवानगी देणारा 1976 चा राज्य कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. शेजारी गोव्यात मात्र मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं दिव्यांनी लखलखत उभी आहेत, आणि खुद्द महाराष्ट्र सरकार 1969 पासून लॉटरी चालवतं आहे. आजच्या घडीला मांडवीतल्या जहाजावर पैसे लावणं कायदेशीर आणि घरात बसून फोनवर पैशाची रमी बेकायदा, हे सामान्य माणसाला समजावणं कुणालाही जड जाईल.

तामिळनाडूने मात्र हार मानली नाही, आणि त्यांच्या दुसऱ्या प्रयत्नाकडे नीट पाहायला हवं. निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीनंतर 2022 मध्ये नवा कायदा आला, त्यावर राज्यपालांशी रस्सीखेच झाली, पुन्हा न्यायालय झालं. अखेर 2025 मध्ये तिथल्या प्राधिकरणाने नियम केले: मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पैशांच्या खेळात प्रवेश बंद. आधारने ओळख पटवणं सक्तीचं. एक तासाहून जास्त खेळत राहिल्यास दर अर्ध्या तासाला पडद्यावर इशारा. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जून 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियम कायम ठेवले. कोणत्या वेळी आणि किती वेळ, हा प्रश्न भारतात कुणीतरी कायद्याच्या भाषेत विचारला होता. हे नियम चालले असते की नाही, हे पाहायला अडीच महिनेच मिळाले.

केंद्र सरकारने तोवर या बाजाराला हात लावला होता तो कराचा. जुलै 2023 मध्ये जीएसटी परिषदेने ठरवलं की भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के कर, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. 1 ऑक्टोबरपासून तो लागू झाला. खेळणाऱ्याने शंभर रुपये भरले की त्यातले जवळपास 22 सरकारजमा. सहा महिन्यांत या क्षेत्राचा महसूल 1,349 कोटींवरून 6,909 कोटींवर गेल्याचं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 2024 मध्ये सांगितलं. बऱ्याच कंपन्यांनी कराची भरपाई बोनसच्या रूपाने खेळणाऱ्याच्या खात्यात टाकली, म्हणजे त्याला झळ जाणवलीच नाही. जो कर सवय कमी करायला उपयोगी पडला असता, तो तिजोरीपुरता राहिला. एप्रिल 2023 मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत उद्योगाच्याच स्वनियमन संस्था नेमायची तरतूदही झाली होती. त्या संस्था कधी उभ्याच राहिल्या नाहीत.

या सगळ्या ओळखीच्या अ‍ॅप्सच्या खाली आणखी एक तळघर होतं, आणि ते आजही आहे. तिथली बोली वेगळी आहे. तिथे कुणी अ‍ॅप घेत नाही, ‘आयडी’ घेतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एका नंबरला मेसेज टाकायचा, दिलेल्या खात्यात पैसे टाकायचे, की लॉगिन आणि पासवर्ड येतो. क्रिकेट, तीन पत्ती, रूले, सगळं एकाच आयडीवर. पैसे जातात ते कुणातरी भलत्याच माणसाच्या खात्यात, ज्याला महिन्याला काही रक्कम देऊन त्याचं पासबुक आणि सिमकार्ड भाड्याने घेतलेलं असतं. महादेव बुक हे यातलं सर्वांत गाजलेलं नाव. छत्तीसगडमधल्या भिलाईच्या दोन तरुणांनी दुबईत बसून ते उभं केल्याचा ईडीचा आरोप आहे. त्यातला एक पूर्वी ज्यूसचं दुकान चालवायचा. गावोगावी ‘पॅनल’, म्हणजे शाखा, वाटायच्या आणि नफा 70-30 असा वाटून घ्यायचा, ही त्याची रचना. फेब्रुवारी 2023 मध्ये आखातात झालेल्या एका लग्नावर सुमारे 200 कोटी रुपये रोख उडवल्याचं ईडीने म्हटलं, तेव्हा देशाला या धंद्याचा आकार कळला. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारने महादेवसह 22 अ‍ॅप्स आणि संकेतस्थळं बंद केली.

विदर्भाला तो आकार आधीच कळला होता. जुलै 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात 58 कोटी रुपये गमावल्याची तक्रार दिली. गोंदियातल्या एका घरावर छापा पडला आणि पोलिसांना कोट्यवधींची रोकड आणि कित्येक किलो सोनं सापडलं. तक्रारीनुसार सुरुवातीला त्या व्यापाऱ्याला छोट्या रकमा जिंकू दिल्या गेल्या होत्या.

मग आला 2025 चा पावसाळा. जुलैमध्ये विधान परिषदेच्या सभागृहात कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या हातातल्या फोनवर पत्त्यांचा गेम दिसत असल्याची चित्रफीत आमदार रोहित पवार यांनी समाजमाध्यमांवर टाकली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेला गेम बंद करत होतो, असा खुलासा कोकाटे यांनी केला. शेतकऱ्यांच्या प्रश्नांच्या काळात तो खुलासा लोकांना पटणं अवघड होतं. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं.

तीनच आठवड्यांनी दिल्लीत जे झालं त्याचा अंदाज उद्योगातल्या भल्याभल्यांना नव्हता. 20 ऑगस्टला माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी ऑनलाइन गेमिंगचं विधेयक लोकसभेत मांडलं आणि ते त्याच दिवशी गोंधळात मंजूर झालं. 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची संमती. ई-स्पोर्ट्स आणि विनापैशांचे गेम यांना प्रोत्साहन, आणि पैसे लावायचे सर्व ऑनलाइन खेळ बंद. कौशल्य, नशीब, दोन्हींचं मिश्रण, काहीही असो. अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि 50 लाख. बँकांनी आणि पेमेंट कंपन्यांनी असे व्यवहार करू नयेत. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, कारण कायदा त्याला पीडित मानतो. हा शेवटचा मुद्दा सरकारने विचारपूर्वक घेतला आणि तो योग्य आहे.

सरकारचा अंदाज होता की सुमारे 45 कोटी लोकांचे मिळून वर्षाला 20 हजार कोटी रुपये या खेळांत बुडतात. उद्योगाच्या संघटनांनीही 20 हजार कोटींचाच आकडा पुढे केला, पण तो त्यांनी भरलेल्या वार्षिक कराचा, आणि जोडीला दोन लाख नोकऱ्यांचा. विधेयक संमत होताच ड्रीम इलेव्हन, एमपीएल, झुपी यांनी पैशांचे खेळ थांबवले. नोकरकपात सुरू झाली. जुलैत यूपीआयवरून गेमिंगसाठी 10 हजार कोटींहून अधिक रुपये गेले होते, ऑगस्टमध्ये ते साडेसात हजार कोटींच्या खाली आले. सप्टेंबरमध्ये आशिया चषकात भारतीय संघ कोऱ्या छातीच्या जर्सीत उतरला. कंपन्यांच्या याचिका वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या, आणि 1957 चा वाद पुन्हा त्याच न्यायालयात पोचला.

या बंदीने कित्येक घरांना श्वास मिळाला, हे मान्य करायलाच हवं. पगाराच्या दिवशी रात्री बारा वाजता ओळखीच्या अ‍ॅपवर पैसे भरणाऱ्याच्या वाटेत आता खरोखरच अडथळा आहे, आणि छोट्या अडथळ्यांनीही बरेच लोक मागे फिरतात. पण तळघराचं दार वेगळं आहे. तिथे ना आधार लागतं, ना कर कापला जातो, ना तक्रार ऐकायला कुणी असतं. 2022 पासून जून 2025 पर्यंत सरकारने जुगाराची दीड हजारांवर संकेतस्थळं आणि अ‍ॅप्स बंद करण्याचे आदेश दिले. एक नाव बंद झालं की शेवटचं अक्षर बदलून तेच पुन्हा उघडतं.

ब्रिटनने उलटा रस्ता धरला आणि तोही सरळ नव्हता. 2005 च्या कायद्याने त्यांनी ऑनलाइन जुगाराला परवाने दिले, जाहिरातींना मोकळं रान दिलं, आणि पुढची वीस वर्षं एकेक दार बंद करण्यात घालवली. दुकानांतल्या यंत्रांवर एका खेळीला 100 पौंड लावता येत, ते 2019 मध्ये दोनवर आणले. 2020 मध्ये क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला बंदी आली. स्वतःचं नाव एकदा नोंदवलं की परवाना असलेल्या सगळ्या साइटवर आपल्यालाच प्रवेश बंद व्हावा, अशी सोय झाली. 2025 मध्ये ऑनलाइन स्लॉटवर एका खेळीला पाच पौंडांची मर्यादा आली, आणि 25 वर्षांखालच्यांना दोन पौंडांची. त्याच वर्षापासून कंपन्यांकडून सक्तीची वर्गणी घेऊन ती संशोधन, प्रतिबंध आणि उपचारांवर खर्च होते. तिकडेही घरं उद्ध्वस्त होतात. पण किती, किती वेगाने आणि कुणाचे पैसे, हे प्रश्न तिथे कायद्यात लिहिलेले आहेत.

आपल्या कायद्यात उपचारांसाठी अशी वर्गणी नाही. आणि 22 ऑगस्टच्या सहीने कुणाचं व्यसन उतरलं नाही की कुणाचं कर्ज फिटलं नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून तंत्रज्ञानाच्या व्यसनांसाठी खास बाह्यरुग्ण विभाग आहे. पुण्याच्या मुक्तांगणने 1986 पासून व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोला आणि आईवडिलांनाही समोर बसवून बोलायची पद्धत मराठी मुलखात रुजवली. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. जिल्ह्याच्या गावी मात्र जुगाराचं व्यसन हा आजार आहे आणि त्यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं, हेच अजून पुष्कळांना माहीत नाही.

उपचार सुरू होतात तेव्हा पहिल्या दिवसांचं काम अगदी घरगुती असतं. पगाराचं खातं काही महिने घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहायचं. फोनवर यूपीआयची मर्यादा खाली आणायची, आयडी देणारे नंबर आणि ग्रुप काढून टाकायचे. मग एक वही घेऊन कुणाचं किती देणं आहे ते लिहायला बसायचं. बँक, पतपेढी, मेहुणा, ऑफिसातले मित्र, गावचा सावकार, फोनवरची कर्जाची अ‍ॅप्स. पहिल्या बैठकीत यादी कधीच पूर्ण होत नाही. दोन-तीन नावं मागे ठेवलेली असतात. ती पुढच्या आठवड्यात निघतात, बायको चहाचे कप उचलून आत गेली की.